कोकोपीटमधल्या ढबू मिरचीचं बूड दर लागणीला काळं पडतंय? आधी पिशवीखालचं पाणी मोजा

रोपांची लागण होऊन महिना-सव्वा महिना होतो, झाडं अंगात येतात, पहिली फळं लिंबाएवढी होतात आणि मग सुरू होतं. शेंड्याची कोवळी पानं वेडीवाकडी येतात, त्यांच्या कडा करपतात. फळाच्या बुडाशी किंवा बुडाजवळ एका अंगाला पाणचट डाग दिसतो, चार दिवसांत तो कागदासारखा वाळतो आणि त्यावर काळी बुरशी चढते. कॅल्शियमची फवारणी केली की आठ-दहा दिवस बरं वाटतं. मग पुन्हा तेच, आणि पुढच्या लागणीलाही तेच.

बेळगाव जिल्ह्यात कडोली-उचगावपासून तिकडं निपाणी, चिकोडी, अथणीपर्यंत, पॉलिहाऊसमध्ये कोकोपीटच्या (नारळाच्या भुशाच्या) पिशव्या मांडलेल्या कितीतरी जणांकडून मी हे ऐकलंय. माझ्या दहा गुंठ्यांत लागोपाठ दोन लागणी यातच गेल्या. आपला माल चोर्ला घाटानं गोव्याला जातो. पेटी उघडल्यावर वरचीच दोन फळं डागी निघाली तर अख्ख्या पेटीचा दर पडतो, त्यामुळं शेकड्यात दहा फळं गेली तरी नुकसान दहा टक्क्यांवर थांबत नाही. तिसऱ्या लागणीला कारण हाती लागलं. ते सगळं इथं मांडतोय, म्हणजे तुमची तरी दोन वर्षं वाचतील.

आधी खात्री करा, की हा कॅल्शियमचाच त्रास आहे

शेंडा आखडला की आपल्याकडं पहिला शब्द येतो ‘चुरडा-मुरडा’, आणि लगेच पंप पाठीवर चढतो. तसं करू नका. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि पान उलटं करा. फुलकिडे असतील तर पानाच्या कडा वरच्या बाजूला वळतात, द्रोणासारख्या. पिवळा कोळी असेल तर पान खाली वळतं, देठ लांबतो, पानाचा पाठचा भाग तांबूस तुकतुकीत दिसतो. या दोन्हींत फळाच्या बुडाला वाळका डाग येत नाही. फळाच्या सालीवर खरखरीत, तपकिरी ओरखडे मात्र येतात.

डाग फळाच्या उन्हाकडच्या बाजूलाच असेल, पांढुरका असेल, तर तो उन्हाचा चटका. डागात एकात एक गोल वलयं दिसली तर करपा, त्याला बुरशीनाशक लागतं. बुडाशी वाळका चट्टा आणि त्याच वेळी कोवळ्या पानांच्या कडा करपलेल्या, हे दोन्ही एकत्र दिसलं तर पुढचं वाचा.

पान नवं की जुनं, हेही बघा. कॅल्शियम झाडात एकदा जिथं बसलं तिथून हलत नाही, म्हणून त्याची कमतरता नेहमी नव्या पानावर आणि फळावर दिसते. मॅग्नेशियम मात्र झाड जुन्या पानांतून काढून वर पाठवतं, म्हणून खालच्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा होतो. नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर लोह लागत नाहीये, आणि त्यामागं बहुतेक वेळा चढलेला पीएच असतो.

एक बाटली, एक ताट

खर्च करण्याआधी हे एक काम करा. एका रांगेतल्या मधल्या पिशवीजवळ एक जादा ड्रीपर (ठिबकची तोटी) बाटलीत सोडा. त्याच पिशवीखाली ताट किंवा पन्हळीचा तुकडा असा ठेवा, की तिचा सगळा निचरा एका डब्यात पडेल. दिवसभराचं पाणी झालं की दोन्हींचं माप, ईसी (पाण्यात किती क्षार विरघळलेत त्याचा आकडा) आणि पीएच वहीत लिहा. आठवडाभर रोज.

बाटलीतलं पाणी म्हणजे एका ड्रीपरनं दिलेलं. पिशवीला चार ड्रीपर असतील तर त्याला चारनं गुणा, म्हणजे पिशवीला किती गेलं ते कळेल. डब्यातलं म्हणजे पिशवीनं परत केलेलं. निचरा दिलेल्या पाण्याच्या १५ ते २५ टक्के असावा. निचऱ्याचा ईसी दिलेल्यापेक्षा अर्ध्या-पाऊण पॉइंटनं जास्त असला तर चिंता नाही. एकाहून जास्त फरक पडला की पिशवीत क्षार साठतायत. पीएच ५.५ ते ६.५ च्या आत हवा.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा दिलेला ईसी होता २.१ आणि निचऱ्याचा ४.३. निचराही जेमतेम पाच टक्के. दोन लागणी मी वरून कॅल्शियम फवारत होतो आणि खाली मुळं खारट पाण्यात उभी होती. मुळाभोवती क्षार वाढले की झाडाला पाणीच ओढता येत नाही, आणि कॅल्शियम तर पाण्याच्याच वाटेनं वर जातं. फवारलेलं कॅल्शियम पानावर पडतं, पानातून फळात उतरत नाही. फळावर थेट बसेल तेवढंच उपयोगी पडतं. म्हणून आठ दिवसांचा दिलासा.

‘लो ईसी’ लिहिलेलं कोकोपीट तयार असतंच असं नाही

हा मुद्दा मला सगळ्यात उशिरा कळला आणि माझ्या मते निम्म्याहून अधिक लोकांचं दुखणं इथंच आहे.

कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. आपल्याकडं तो बहुतेक तमिळनाडूतल्या पोल्लाची भागातून किंवा आपल्याच कर्नाटकातल्या तुमकुरू-तिपटूरकडून येतो. सोडणात पोटॅशियम आणि सोडियम मुळातच भरपूर. खाऱ्या पाण्यात कुजवलेल्या सोडणाचा असेल तर सोडियम आणखी जास्त. हे क्षार दोन प्रकारे राहतात. काही भुशातल्या पाण्यात मोकळे असतात, ते धुतले की जातात. बाकीचे भुशाच्या कणांना चिकटून असतात. साध्या पाण्यानं तुम्ही दहा वेळा धुतलं तरी ते जागा सोडत नाहीत. त्यांना हलवायला त्यांच्यापेक्षा घट्ट बसणारं काहीतरी लागतं, आणि ते म्हणजे कॅल्शियम.

आता तुम्ही न तयार केलेल्या पिशवीत खत सोडता तेव्हा काय होतं बघा. खतातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कण धरून ठेवतात, आणि बदल्यात पोटॅशियम-सोडियम पाण्यात सोडतात. बाटलीत कॅल्शियम पूर्ण आहे, मुळाला मिळतं निम्मं. वर पोटॅशियम वाढलं की ते कॅल्शियमला मुळापाशी आत शिरू देत नाही. पहिले तीन-चार आठवडे रोप लहान असतं, गरज कमी, म्हणून काही दिसत नाही. फळं धरली की एकदम उघडं पडतं.

माझ्या पहिल्या लागणीच्या पिशव्यांवर ‘लो ईसी’ छापलेलं होतं. मी स्वतः तपासलं, ०.४ आला, समाधान झालं. दुसऱ्या लागणीला नव्या पिशव्या आणल्या, तीनदा धुतल्या, तरी काहीच फरक नाही. कारण ईसी मीटर फक्त मोकळे क्षार दाखवतो, कणाला चिकटलेले दाखवत नाही. विक्रेत्याला सरळ विचारा: नुसतं धुतलंय, की कॅल्शियम नायट्रेटनं बफर केलंय, म्हणजे कणांना चिकटलेले क्षार हटवलेत? उत्तर गोलमोल आलं तर केलेलं नाही असं समजा आणि स्वतः करा.

पाच किलोच्या विटा असतील तर एका विटेला तीसेक लिटर पाणी आणि त्यात १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट. वीट फुगून साधारण सत्तर लिटरचा ढीग होतो. चोवीस तास तसाच ठेवा, मग निथळू द्या आणि चांगल्या पाण्यानं एकदा धुवा. पहिलं निथळलेलं पाणी चहासारखं तांबडं आणि ईसीला चढं येईल. चढलेला तो ईसी म्हणजेच कणांनी सोडलेलं पोटॅशियम आणि सोडियम. वीट जुनी किंवा खारट वाटली तर हेच दुसऱ्यांदा करा.

तयार पिशव्या असतील तर खालच्या चिरा देण्याआधीच लिटरला ३ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटचं पाणी ड्रीपरनं भरा. पिशवी टम्म फुगली पाहिजे. एक दिवस ठेवा, मग चिरा द्या, निचरा होऊ द्या आणि अर्ध्या ताकदीच्या खतपाण्यानं धुऊन घ्या. रोपं त्यानंतर. दहा गुंठ्यांना यात दोन-तीन दिवस जातात. पिशव्या आल्या त्याच दिवशी रोपवाटिकेतून रोपं आणून ठेवू नका, नाहीतर घाईत हेच काम सुटतं.

मातीतलं खत पिशवीत चालत नाही

उसाला, टोमॅटोला ठिबकमधून १९:१९:१९ (नायट्रोजन, फॉस्फेट, पोटॅश प्रत्येकी १९ टक्के) सोडायची आपली सवय. मातीत ते चालतं. पिशवीत त्यानं घोटाळा होतो, आणि तो दोन प्रकारे.

एक तर त्यात कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही. माती स्वतःजवळचं देते, कोकोपीटजवळ देण्यासारखं फारसं पोटॅशियमच असतं. दुसरं, १९ टक्के नायट्रोजनमधला निम्म्याहून अधिक युरियाच्या रूपात असतो. युरिया फुटायला जिवाणू लागतात, ते ताज्या कोकोपीटमध्ये मातीइतके नसतात. शिवाय युरिया ईसी मीटरला दिसतच नाही. मीटर १.८ दाखवतो, तुम्हाला वाटतं बेताचं चाललंय. गोणीवर कन्नडमध्ये लिहिलेलं असो की इंग्रजीत, नायट्रोजनची फोड आकड्यांत दिलेली असते: नायट्रेट किती, अमोनियम किती, युरिया किती. तेवढी ओळ वाचायची सवय लावा. अमोनियमही फार नको, तेही कॅल्शियमच्या आड येतं.

फळं धरल्यावर मी हजार लिटर पाण्याला जे वापरतो ते असं: कॅल्शियम नायट्रेट ९०० ग्रॅम, १३:०:४५ हे ४०० ग्रॅम, ०:५२:३४ हे २०० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ५०० ग्रॅम, १२ टक्क्यांचं चिलेटेड लोह २० ग्रॅम, आणि बाकी सूक्ष्म अन्नद्रव्यं डब्यावरच्या मात्रेनं. यातून कॅल्शियम साधारण १७० पीपीएम (लिटरला १७० मिलिग्रॅम) मिळतं, आणि ईसी मूळ पाण्याच्या वर दोनच्या आसपास जातो. रोप लहान असताना याची निम्मी ताकद. नव्या पिशवीत पहिले दोन-तीन आठवडे १३:०:४५ आणखी कमी करा, पोटॅशियम पिशवीच देते.

टाक्या दोन हव्यात. कॅल्शियम नायट्रेट आणि लोह एकीकडं, सल्फेट आणि फॉस्फेटवाली खतं दुसरीकडं. घट्ट द्रावणात ती एकत्र आली की तळाला पांढरा साका बसतो, तो जिप्सम आणि कॅल्शियम फॉस्फेट. पैसे देऊन आणलेलं कॅल्शियम टाकीच्या तळाशी राहतं आणि उरलेलं ड्रीपर बुजवतं. चिकोडीकडच्या एका पाहुण्यांकडं एवढंच चुकत होतं. एकच ड्रम, एकच व्हेंचुरी (खत ओढून ठिबकमध्ये सोडणारी नळी), सगळं एकत्र. ड्रम वेगळे केल्यावर पुढच्या तोडणीला फरक दिसला.

वीज आली की पाणी, हे बंद करावं लागेल

आपल्याकडं शेतीपंपाला थ्री फेज ठरलेल्या तासांतच येते, कधी दिवसा, कधी रात्री. म्हणून वीज आली की मोटार चालू आणि दिवसाचं सगळं पाणी अर्ध्या तासात. मातीत हे खपतं. पिशवीत पाणी साठवायला जागाच थोडी. अर्ध्या तासातलं बरंचसं खालून निघून जातं आणि दुपारी दोनला पिशवी कोरडी पडते. कोरडी पडताना पाणी जातं, क्षार मागं राहतात. त्या दोन-तीन तासांत मुळाभोवतीचा ईसी कितीतरी चढतो. फळाची पेशी वाढत असतानाच त्या दिवसाचं कॅल्शियम चुकतं आणि डाग दिसतो आठ-दहा दिवसांनी. तोवर कारण विसरलेलं असतं.

उपाय असा: थ्री फेज असेल तेव्हा मोठी टाकी भरून घ्यायची, आणि तिथून ठिबकला अर्धा एचपीचा सिंगल फेज पंप, टायमरवर. दोन लिटरचा ड्रीपर तीन मिनिटांत १०० मिली देतो. मार्च-एप्रिलमध्ये असे २० ते २५ हप्ते, सूर्य उगवून दीड तास झाल्यावर सुरू, मावळायच्या दोन तास आधी बंद. दुपारी हप्ते जवळजवळ, सकाळी-संध्याकाळी लांब. निचरा किती येतोय त्यावरून संख्या बदलत राहायची. टायमर आणि छोटा पंप यांचा खर्च मला माझ्या सगळ्या खर्चात सगळ्यात जास्त वसूल झालेला वाटतो.

पाणी कुठलं

जिल्हा एकच, पण पाण्यात जमीन-अस्मानाचा फरक. खानापूर, कणकुंबी, बेळगावच्या पश्चिमेचं पाणी मऊ. तिथं क्षारांचा त्रास कमी, पण पाण्यात स्वतःचं कॅल्शियम जवळजवळ नाही, म्हणजे झाडाला लागणारं सगळं खतातूनच द्यावं लागतं. अथणी, रायबाग, चिकोडीकडं कृष्णेकाठी उसाला पाणी देऊन देऊन जमिनी चोपण, म्हणजे खारट-घट्ट झाल्या. बरेच जण त्यामुळंच पिशवीकडं वळले, आणि बोअरचं तेच खारं पाणी पिशवीत आलं.

ड्रीपरच्या तोंडाला पांढरा थर बसत असेल आणि निचऱ्याचा पीएच सातकडं जात असेल तर पाण्यात बायकार्बोनेट जास्त आहे. पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्या. मत्तीकोपच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयात चौकशी करा. अहवालात सोडियम, क्लोराइड, बायकार्बोनेट, कॅल्शियम हे चार आकडे मागा. बायकार्बोनेट ३०० पीपीएम असेल तर त्यातलं ६० ठेवून बाकीचं मारायला हजार लिटरला ६० टक्क्यांचं नायट्रिक आम्ल साधारण ३०० मिली लागतं. आधी वीस लिटरच्या बादलीत ६ मिली घालून पीएच बघा, मगच टाकीत. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय कॅन उघडू नका. ३०० मिलीतून सुमारे ५५ पीपीएम नायट्रोजनही जातो, तो हिशोबात धरा.

सोडियमला मात्र आम्लाचा उपाय नाही. पाण्यातच ते ५०-६० पीपीएमच्या वर असेल तर पावसाचं पाणी मिसळणं हाच स्वस्त मार्ग. दहा गुंठे म्हणजे सुमारे १००० चौरस मीटर छप्पर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हजार लिटर पाणी. बेळगाव शहराच्या आसपास वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पडतो. पन्हळी आहेतच, खाली प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं हवं.

तरण्या-म्हाताऱ्या पावसातला डाग

सगळं नीट असूनही जुलैमध्ये कोवळी पानं करपली, तर घाबरून खत वाढवू नका. पुनर्वसू-पुष्याच्या झडीत पॉलिहाऊसमध्ये हवा इतकी दमट असते की पानातून पाणी उडतच नाही, मग खालून कॅल्शियम वर कशाच्या जोरावर चढणार? बाजूचे पडदे जमतील तितके वर ठेवा, खालची जुनी पानं काढून हवा खेळती करा, पाण्याचे हप्ते कमी करा. उन्हाळ्यात उलट. पानं इतकं पाणी ओढतात की सगळं कॅल्शियम पानांकडंच जातं आणि फळ मागं राहतं. तिथं दुपारी सावलीची जाळी ओढणं हाच उपाय.

उभ्या पिकात आज काय करायचं

डागी फळं तोडून टाका. ती सुधारत नाहीत आणि झाडाचं बळ खातात. कामाला येणाऱ्या बायकांना आपण ढबू म्हटलं काय आणि दोण्णे मेणसिनकाई म्हटलं काय, डाग एकदा दाखवला की त्यांच्या नजरेतून फळ सुटत नाही. तोडणीच्या आधी एक फेरी फक्त यासाठी काढा.

निचऱ्याचा ईसी चढलेला असेल तर पिशवी धुवायची, पण नुसत्या पाण्यानं नाही. नुसतं पाणी उरलंसुरलं मोकळं कॅल्शियमही घेऊन जातं. ईसी १ ते १.२ राहील एवढं खतपाणी करा, त्यात कॅल्शियम नायट्रेटचा वाटा मोठा ठेवा, आणि सकाळच्या वेळी लागोपाठ हप्त्यांनी सोडा. निचऱ्याचा ईसी दोनच्या खाली येईपर्यंत. मला सलग दोन सकाळी लागल्या. नंतर दहा दिवस १३:०:४५ निम्म्यावर, १९:१९:१९ पूर्ण बंद. फवारणी करायचीच असेल तर संध्याकाळी, लिटरला ५ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, फळांवर पडेल अशी. ती फक्त मधले दिवस काढायला.

नवी फळं स्वच्छ यायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर झाडावर आधीच बिघडलेली फळं दिसत राहतील, त्यावरून उपाय फसला असं ठरवू नका. ठरवायचं ते ताटातल्या पाण्यावरून.

पीक संपल्यावर पिशव्या फेकायची घाई नको. मूळकूज नसेल तर दुसरी लागण त्याच पिशवीत होते, आणि तिला बफरिंग पुन्हा पहिल्यासारखं करावं लागत नाही, कारण कणांवर आता कॅल्शियम बसलेलं असतं. जुनी खोडं जमिनीलगत कापा, मुळं ओढून काढू नका, पिशवी फाटते. एकदा भरपूर पाण्यानं क्षार काढा, मग एकदा लिटरला २ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट सोडा, आणि निचऱ्याचा ईसी मोजा. दिलेल्याच्या जवळपास आला की रोपं सांगा.